गाडी कल्याणहूनच भरून येते

आमच्या घरी कॉम्प्युटर लावायचा असला की आधी चहाचं आधण ठेवतात. बटण दाबायचं, पातेलं गॅसवर चढवायचं, आलं किसायचं, दूध घालायचं, एक उकळी, दुसरी उकळी, गाळणं सापडत नाही म्हणून अर्धा ओटा धुंडाळायचा, कप घेऊन हॉलमध्ये यायचं, चहा संपवायचा आणि मग पडद्याकडे बघायचं. ते ठिपक्यांचं वर्तुळ अजून गरगरतच असतं. एकदा मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मोजलं. 7 मिनिटं 40 सेकंद. तेवढ्यात मुलुंडहून निघालेली स्लो नाहूर मागे टाकून भांडुपच्याही पुढे गेलेली असते.

यात कॉम्प्युटरचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. 2017 साली घेतलेला, 4 जीबी रॅमचा, साधा संसारी कॉम्प्युटर आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या वन-बीएचकेत हॉलच्या कोपऱ्यात, आईने विणलेला क्रोशाचा रुमाल पांघरून बसलेला असतो. त्याला वाटेकरी सहा: आप्पा, आई, मी, बायको, थोरली आणि धाकटा. मोबाइल सहाही जणांच्या हातात आहेत, पण प्रिंटर याच कॉम्प्युटरला जोडलेला आहे. आणि मुंबईत माणूस कितीही डिजिटल झाला तरी शेवटी त्याला कुठे ना कुठे झेरॉक्स जोडावीच लागते.

कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला की आम्ही हार्डवेअरवाल्या मुलाला बोलावतो. त्याच्याकडे तीन औषधं आहेत. फॉरमॅट मारा, रॅम वाढवा, एसएसडी टाका. खरं सांगायचं तर तिसरं औषध रामबाण होतं आणि त्याने ते तीनदा सुचवलंही होतं. पण आप्पांचा एक प्रश्न ठरलेला असतो, “चालतंय ना अजून?” या प्रश्नापुढे आमच्या घरात आजवर एकही नवी वस्तू टिकलेली नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ला मिळणारा आधार संपला, हे त्या मुलाने गंभीर चेहऱ्याने सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, “मला रिटायर होऊन वीस वर्षं झाली. मी चालतोय ना?”

तेव्हा त्या मुलाने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबली आणि एक यादी उघडली. म्हणाला, “हे बघा काका, तुम्ही काहीच करत नाही तेव्हासुद्धा हे सगळे आपोआप चालू होतात. एकोणीस आहेत.”

एकोणीस! ‘काका’चा घाव मी तेवढ्या धक्क्यात विसरलो.

मुलुंडकराला हे समजायला इंजिनिअरिंग करावं लागत नाही. सकाळची फास्ट मुलुंडला थांबते, पण ती थांबते एवढंच. सगळ्या सीट कल्याणला भरलेल्या असतात. चौथी सीट आणि दोन बाकांमधली उभं राहायची जागा डोंबिवलीकरांनी घेतलेली असते. दार ठाण्याला जातं. आपण फलाटावर उभे राहून गाडीचं दर्शन घ्यायचं. कॉम्प्युटरचंही तेच. आपण बटण दाबतो ते कल्याण, आणि पडद्यावर थोरलीने लावलेलं महाबळेश्वरचं चित्र उमटतं ते मुलुंड. चित्र दिसलं की आपल्याला वाटतं, आली आपली गाडी! आत एकोणीस जण आधीच बसलेले असतात. आपण बिचारे एक साधा अर्ज छापायला आलेले.

पूर्वी असं नव्हतं. आमचा पहिला कॉम्प्युटर 1999 चा, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला. (त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवाला तुम्हाला बाहेरगावचे समजतो.) चौदा इंची मॉनिटर मी लेकराला कडेवर घ्यावं तसा घेऊन दादरच्या पुलावर चढलो होतो आणि गर्दीने मला आयुष्यात पहिल्यांदा वाट करून दिली होती. त्या काळी स्टार्ट मेनूत ‘स्टार्टअप’ नावाचं एक सरळ, सज्जन फोल्डर असे. कॉम्प्युटर उठल्याबरोबर जे उठावं असं वाटेल ते आपण आपल्या हाताने त्यात ठेवायचं. आम्हाला काहीच वाटत नव्हतं, म्हणून आमचं फोल्डर रिकामं होतं. विंडोज 95 सुरू होताना वाजणारा सूर ब्रायन ईनो या संगीतकाराने सहाएक सेकंदांत बसवला होता. एवढ्यात मशीन चालू होईल असा त्या सद्गृहस्थाचा समज असावा. आज त्याने आमच्या कॉम्प्युटरसाठी काही करायला घेतलं तर बडा ख्याल घ्यावा लागेल, विलंबित.

पुढे प्रोग्रामांना कळलं की त्या फोल्डरच्या दारात ताटकळायची गरज नाही. रजिस्ट्री नावाची विंडोजची एक मोठी वही आहे, तिच्यात ‘रन’ या नोंदीखाली आपलं नाव घातलं की रोज सकाळी आपोआप बोलावणं येतं. मग जो तो इन्स्टॉल होतानाच आपलं नाव घालून घ्यायला लागला. या नोंदी दोन ठिकाणी असतात. एक ज्याच्या त्याच्या खात्याची, दुसरी सगळ्यांची मिळून. थोडक्यात, चूल वेगळी आणि देवघर सामाईक.

चूल वेगळी करण्याचा प्रयोग आम्ही करून पाहिलेला आहे. 2005 साली एक्सपीवाला दुसरा कॉम्प्युटर आला तेव्हा मी प्रत्येकाला स्वतंत्र खातं काढून दिलं. एक्सपीत खात्याला छोटं चित्र लावता येत असे. आप्पांनी बुद्धिबळ निवडलं, आईने लाल फूल, बायकोने फुलपाखरू, तेव्हा लग्न न झालेल्या माझ्या बहिणीने बदक. मी गिटार घेतली. उभ्या जन्मात मी गिटारीला हात लावलेला नाही. आप्पांचा पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेला असे. ज्याचे प्रोग्राम त्याच्या खात्यात, एकाचा दुसऱ्याला त्रास नाही, अशी ती सुरेख योजना होती. ती मोडली ‘स्विच युजर’ या बटणाने. आपलं काम झालं की खातं बंद करून उठावं एवढी शिस्त कोणालाच नव्हती. येणारा सरळ स्विच करून आपल्या खात्यात शिरायचा, आणि आधीच्याचे प्रोग्राम पडद्याआड तसेच चालू राहायचे. संध्याकाळपर्यंत बुद्धिबळ, लाल फूल, फुलपाखरू, बदक आणि गिटार असे सगळे आत. पाच चुली पेटलेल्या आणि सिलिंडर एक! म्हणून तिसऱ्या कॉम्प्युटरवर आम्ही पुन्हा एकत्र कुटुंब केलं. खातं एकच, त्याचं नाव ‘घर’. मग त्या घरात ज्याने त्याने आपापली माणसं आणून बसवली.

आप्पांचा आहे मराठी टंकलेखनाचा प्रोग्राम. आप्पा वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. त्यांचा फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातला, म्हणजे आपल्याच घरी नीट दिसणारा. दुसऱ्याच्या पडद्यावर त्याचं मंगळावरून आलेल्या संदेशासारखं काहीतरी होतं. “माझी पत्रं हल्ली छापत नाहीत, सत्य पचत नाही त्यांना,” असं आप्पा म्हणतात. विंडोज 2000 पासून देवनागरी लिहायची सोय आतच बसून येते, वेगळा प्रोग्राम लागत नाही, हे मी त्यांना दर दिवाळीला सांगतो. दर दिवाळीला ते म्हणतात, “हाताला सवय आहे.”

आईचा आहे स्काइप. बहीण लग्न होऊन न्यू जर्सीला गेली तेव्हापासून रविवारी सकाळी सातला, म्हणजे तिच्याकडे शनिवारी रात्री, तिचा व्हिडिओ कॉल यायचा. कॉम्प्युटर उठला आणि स्काइप झोपलेलाच राहिला तर पोरीचा कॉल चुकेल, या भीतीने आईने तो कायमचा जागता ठेवून घेतला. 5 मे 2025 रोजी स्काइप बंद झाला. जगातून बंद झाला. बहीण आता व्हॉट्सॲपवर येते. पण आमच्या यादीत त्याचं नाव आहेच, जसं वारलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर वर्षानुवर्षं राहतं. “असू दे रे,” आई म्हणते, “काय खातंय?” आई, खातंय! तेवढंच तर करतंय!

बायको शिक्षिका. 2020 च्या ऑनलाइन शाळेपासून तिच्याकडे मीटिंगचे दोन प्रोग्राम आहेत. त्यांना हात लावायची माझी छाती नाही, कारण घरात एमएससीआयटी झालेली ती एकटीच आहे आणि ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. थोरलीचा एक गाण्यांचा, एक फाइली ढगात नेऊन ठेवणारा. धाकट्याचे गेमवाले तीन. शिवाय गेम खेळताना शत्रूशी बोलायचा एक. हे चौघे कॉम्प्युटर चालू होताच आपापल्या खिडक्या उघडून जाहिराती दाखवतात. माझा फक्त एक, पीडीएफ लवकर उघडावी म्हणून आधीपासून तयार राहणारा. अत्यंत गरजेचा आहे.

उरलेल्यांपैकी अँटिव्हायरस आणि आवाजाचा असे दोन सरकारनियुक्त सदस्य, बाकीचे असेच कोणी ना कोणी आणून बसवलेले. आणि यादीत पार खाली एक नाव होतं: ‘प्रोग्राम’. एवढंच. बनवणाऱ्या कंपनीची जागा कोरी, चित्राच्या जागी पांढरा चौकोन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक स्कूटर असते ना, टायर बसलेले, धूळ साचलेली, कोणाची ते कोणालाच ठाऊक नाही आणि कोणी हलवतही नाही, तशी ती नोंद होती.

हा प्रश्न सभेत सोडवायचा असं आप्पांनी ठरवलं. अकरा वर्षं ते आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. घरातल्या कोणत्याही मतभेदाला त्यांना कार्यक्रमपत्रिका दिसते. फ्रिजवर नोटीस लागली, “सुरुवातीस आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामांबाबत विचारविनिमय व निर्णय.” सर्वसाधारण सभेला पूर्ण चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणून कॉम्प्युटर आणखी चौदा दिवस तसाच रखडला. ठरलेल्या रविवारी पाच वाजता आप्पा आणि मी असे दोघंच हजर. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली. नियमाप्रमाणे तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. पण आईने तेवढ्यात कांदाभजी तळायला घेतली आणि साडेपाचला सहाच्या सहा सभासद उपस्थित होते.

मी यादी उघडली. तिच्यात ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असा एक रकाना असतो. कोणता प्रोग्राम सुरुवातीला किती भार टाकतो ते त्यात हाय, मीडियम, लो असं लिहिलेलं असतं. मी समजावून सांगितलं, “प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर 3 एमबीहून जास्त लिहिलं-वाचलं, की हाय.”

“3 एमबी म्हणजे किती?” आईने विचारलं.

“मोबाइलवरचा एक फोटो.”

“एवढ्याने? याला आमच्याकडे ‘काहीच घेतलं नाही’ म्हणतात.”

आप्पांच्या टंकलेखनापुढे ‘हाय’ होतं. ते त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले. “हाय म्हणजे उच्च,” ते म्हणाले. “बाकीच्यांचं काय आहे?” धाकट्याच्या एका गेमपुढेही हाय आहे हे कळल्यावर मात्र ते जरा हिरमुसले. बायकोच्या एका मीटिंगवाल्यापुढे ‘लो’ होतं, तर ती म्हणाली, “हे मशीन काहीही दाखवतं.”

मतदानाआधी मी सगळ्यांना बजावलं, की इथे बंद करणं म्हणजे काढून टाकणं नव्हे. प्रोग्राम जागच्या जागी राहतो. आपण बोलावला की येतो. न बोलावता पहाटे दारात उभा राहत नाही, एवढंच.

“म्हणजे जावयासारखा,” आई म्हणाली.

मग मतदान झालं. आप्पांच्या टंकलेखनाच्या बाजूने एक मत, विरुद्ध पाच. स्काइपच्या बाजूने एक, विरुद्ध पाच. थोरली गाण्यांसाठी फारच पोटतिडकीने बोलली. बाजूने एक, विरुद्ध पाच. धाकट्याने चारही वेळा लोकशाहीवरचा विश्वास गमावला. माझ्या पीडीएफवाल्याची बाजू मी सविस्तर मांडली, अर्ज भरायची शेवटची तारीख असते, माणूस घाईत असतो वगैरे. सभागृहात त्या वेळी भजी फिरत होती. बाजूने एक, विरुद्ध पाच. सोळा ठराव आणि सोळाही वेळा एकच निकाल. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं हे मला माहीत होतं, पण बाब्यांची मोजदाद घेतली की प्रत्येक बाब्या पाच मतांनी कार्टं ठरतो, हे गणित मी पहिल्यांदाच उलगडताना पाहिलं.

राहता राहिला ‘प्रोग्राम’. मी विचारलं, “हा कोणाचा?”

कोणी बोलेना. इम्पॅक्टच्या रकान्यात ‘नॉट मेझर्ड’ होतं, म्हणजे भार मोजलेलाच नाही. ज्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही तो सगळ्यात आधी जाईल असा माझा अंदाज होता. पण हातच वर होईनात. “असू दे,” बायको म्हणाली. “त्याला बंद केलं आणि प्रिंटरच बंद पडला तर? सोमवारी मला हजेरीपत्रक काढायचंय.” थोरली म्हणाली, “सिस्टिमचं काहीतरी असेल, बाबा.” धाकटा म्हणाला, “नावच प्रोग्राम आहे, म्हणजे मेन असणार.” आप्पांनी इतक्या वर्षांच्या लोकल प्रवासातलं शहाणपण काढलं, “बेवारस वस्तूला हात लावू नये.” ठराव एकमताने संमत. ‘प्रोग्राम’ राहिला.

रात्री सगळे झोपल्यावर मी एकटा बसलो. त्या यादीच्या वरच्या पट्टीवर राइट क्लिक केलं की लपलेले रकाने निघतात, त्यातला ‘कमांड लाइन’ उघडला की प्रोग्रामचा पूर्ण पत्ता दिसतो. या पत्त्याची एक गंमत असते. त्यात मध्ये मोकळी जागा असेल तर अख्खा पत्ता अवतरणचिन्हांत घालायचा असतो. ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरच्या नावात अशी जागा आहे. बनवणारा अवतरणं विसरला, आणि पुढे मूळ प्रोग्रामही जागेवर उरला नाही, की यादी त्या मोकळ्या जागेपाशीच थबकते आणि ‘प्रोग्राम’ एवढंच नाव दाखवते. कुरिअरवाल्याने पाकिटावरचा पहिला शब्द तेवढा वाचावा आणि आमच्या गेटपाशी येऊन ओरडावं, “मुलुंड! मुलुंड कोण आहे?” तशातला प्रकार.

मी उरलेला पत्ता वाचला. आणि उठून बेडरूमचं दार नीट लागलंय ना ते पाहून आलो.

तो माझा होता. 2020 च्या लॉकडाउनमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या नादाने मी शेअरची खरेदी-विक्री करायचा एक प्रोग्राम बसवला होता. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, तेव्हा एक मिनिटही वाया जाऊ नये म्हणून तो आपोआप चालू होईल अशी तजवीजही केली होती. त्यात किती गेले तो आकडा इथे छापत नाही. हा अंक घरी येतो. बायकोला कळलं त्या दिवशी मी तिच्यादेखत तो काढून टाकला. अगदी मुळासकट, असं म्हणालो होतो. मूळ राहिलं होतं. पाच वर्षं ते रोज सकाळी हाक मारल्यावर ‘हजर’ म्हणत होतं आणि पाठीमागे कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर 2 मिनिटं 5 सेकंदांत उघडला. आधणाला उकळीसुद्धा आली नव्हती. आप्पा बावरले, म्हणाले, “हा पुरता चालू झालाय ना? की आणखी काही बाकी आहे?” आठवडाभरात मात्र यादीत नऊजण परतले. दोघांनी अपडेट होताना स्वतःच आपलं नाव पुन्हा घालून घेतलं होतं. बाकीच्यांना रात्री-अपरात्री कोणीतरी आत घेतलं होतं. त्यात पीडीएफवालाही होता. तो कसा आला याची मला कल्पना नाही.

पुढच्या रविवारी आप्पांनी सभेचं इतिवृत्त सहीसाठी आणलं. चार पानं, मराठीत, त्यांच्या त्या फॉन्टमध्ये, छापील असल्यामुळे व्यवस्थित दिसणारी. मी पानं उलटत गेलो. शेवटचा ठराव असा होता: ‘प्रोग्राम’ हा प्रोग्राम कुटुंबाच्या व्यापक हिताचा असल्याने तो कायम ठेवण्यात यावा. सूचक म्हणून बायकोची सही झालेली होती.

“अनुमोदक राहिलाय,” आप्पा म्हणाले.

मी पेन घेतलं आणि सही केली.